आठवीच्या वर्गाला विज्ञान केंद्र दाखवायचे आहे : नाशिकहून नियोजन कसे करावे?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, सिडको

नमस्कार. मी सिडकोतील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्या शाळेची वार्षिक सहल आजवर बहुधा एखादे देवस्थान, एखादा किल्ला आणि परतीच्या वाटेवर एखादी बाग अशा ठरलेल्या चाकोरीतूनच गेली आहे. यंदा आठवीच्या दोन्ही तुकड्यांसाठी, म्हणजे साधारण नव्वद मुलांसाठी, वेगळी सहल काढण्यास शाळा समितीने मान्यता दिली आहे आणि जेथे मुलांना उपकरणे स्वतः हाताळता येतील असे विज्ञान केंद्रच निवडावे, अशी माझी इच्छा आहे. आमच्या प्रयोगशाळेत एक भिंग सात-आठ मुलांमध्ये फिरते आणि तासिकेची घंटा झाली तरी ते शेवटच्या मुलापर्यंत पोहोचलेले नसते, त्यामुळे एक संपूर्ण दिवस मुलांच्या हातांना मोकळीक मिळावी, एवढाच माझा मूळ हेतू आहे.

माझ्यासमोर दोन ठिकाणे आहेत. एक मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्र आणि दुसरे चिंचवड येथील पिंपरी-चिंचवड सायन्स पार्क. अंतराच्या दृष्टीने मुंबई थोडी जवळ पडते, परंतु शहरातील रहदारीची धास्ती वाटते. सहकाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे की, मुले अशा ठिकाणी नुसती बटणे दाबत धावतात, कोणत्या बटणाने काय झाले हे पाहण्यासही थांबत नाहीत आणि परत आल्यावर त्यांना आइस्क्रीम तेवढे आठवते. हे म्हणणे मला पूर्णपणे खोडून काढता आले नाही.

तेव्हा अनुभवी मंडळींना माझे तीन प्रश्न आहेत. दोहोंपैकी कोणते ठिकाण निवडावे आणि प्रवास कशाने करावा? आठवीच्या पाठ्यपुस्तकाशी ही भेट कशी जोडावी, म्हणजे ती अभ्यास वाटणार नाही आणि निव्वळ सहलही राहणार नाही? तिसरा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीविषयी आहे. तिची दृष्टी फार अधू आहे. फळ्यावरचे तिला दिसत नाही, पण वर्गातील सर्वांत नेमके प्रश्न तीच विचारते. तिला या दिवशी कोणाच्या तरी हाताला धरून नुसते फिरावे लागू नये, यासाठी काय करता येईल?

उत्तर १ : भौतिकशास्त्राचा शिक्षक, पिंपळगाव बसवंत

मॅडम, मी आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की आपल्या सहकाऱ्यांच्या आक्षेपालाही उत्तर मिळते.

मुले बटणे दाबत धावतात हे खरे आहे आणि त्याचे कारण त्यांच्या उनाडपणात शोधण्याची गरज नाही. वरळीच्या केंद्रात हाताळण्याजोग्या मांडण्या शेकड्यांनी आहेत. एवढ्या गोष्टी एकदम समोर आल्या आणि त्यांपैकी कशाविषयीही मनात आधीपासून प्रश्न नसला, तर मोठी माणसेसुद्धा तशीच वागतात. म्हणून मी सहलीच्या आधीच्या पंधरवड्यात वर्गात पाच-सहा प्रश्न पेरून ठेवतो आणि त्यांची उत्तरे मुद्दाम देत नाही. प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहून त्याखाली सही करायची, एवढीच अट असते. सही केलेला अंदाज बरोबर निघतो की चूक, हे पाहण्यासाठी मूल त्या मांडणीपाशी आपोआप थांबते. त्याला थांबवावे लागत नाही.

आठवीसाठी ‘प्रकाशाचे परावर्तन’ हा धडा या कामी सर्वांत सोयीचा आहे. काच कापणाऱ्याकडून आरशाच्या पट्ट्या कापून आणाव्यात, दोन-दोन पट्ट्या मागून चिकटपट्टीने जोडून पुस्तकासारख्या उघडझाप होतील अशा कराव्यात आणि मध्ये एक नाणे ठेवून कोनमापकावर कोन बदलत प्रतिमा मोजायला सांगाव्यात. काठ धारदार असतात, तेवढे घासून घ्यावेत. ९० अंशांच्या कोनात तीन प्रतिमा, ६० अंशांत पाच, ४५ अंशांत सात हे मुलांनी स्वतः मोजले की पुस्तकातील सूत्र, म्हणजे ३६० ला कोनाने भागून आलेल्या संख्येतून एक वजा, हे त्यांना पाठ करावे लागत नाही. मग त्यांना विचारावे की, कोन कमी करत करत दोन्ही आरसे एकमेकांना समांतर केले तर काय दिसेल? वर्गातील पट्ट्यांमध्ये याचे उत्तर नीट दिसत नाही, कारण पाहणाऱ्याचे डोकेच मध्ये येते. विज्ञान केंद्रांत माणूस उभा राहील एवढ्या आरशांच्या मांडण्या असतात आणि तेथे आपल्याच पाठीमागे आपल्याच रांगा लागलेल्या पाहिल्यावर मुलांच्या तोंडून जे उद्गार निघतात, ते कोणत्याही फलकावरील मजकुरापेक्षा मोलाचे असतात. दूरच्या प्रतिमा अंधूक आणि किंचित हिरवट का दिसतात, असे कोणी विचारलेच तर त्या मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश शोषला जातो आणि साध्या काचेतील लोहाच्या अंशामुळे हिरवा रंग तुलनेने कमी शोषला जातो, हे त्याचे उत्तर आहे.

दुसरी मांडणी दुहेरी शंकूची. उतरत्या रुळांवर सगळ्या वस्तू खाली घरंगळतात, पण तळाशी तळ जोडलेले दोन शंकू रुळांच्या चढावर आपणहून वर जाताना दिसतात. येथे मुलांच्या हाती फूटपट्टी द्यावी आणि शंकूच्या मध्यरेषेची जमिनीपासूनची उंची दोन्ही टोकांना मोजायला सांगावी. रूळ चढत जातात तसे एकमेकांपासून फाकतही जातात, त्यामुळे शंकू त्यांच्यामध्ये खचत जातो आणि त्याचा गुरुत्वमध्य प्रत्यक्षात खालीच येतो. डोळ्यांना चढ दिसतो आणि पट्टी उतार सांगते. या दोहोंपैकी कोणावर विश्वास ठेवायचा, यावर मुलांना भांडू द्यावे.

कप्प्यांची मांडणी बहुतेक केंद्रांत असते. खुर्चीत बसून दोरीने स्वतःलाच वर ओढायचे असते. जास्त कप्प्यांच्या खुर्चीत बसले की ओढणे हलके होते, हे प्रत्येक मूल सांगते. दोरी किती हात ओढावी लागली, हे मात्र मोजायला सांगितल्याशिवाय कोणीही मोजत नाही आणि सगळा हिशेब तर त्या दोरीतच दडलेला असतो.

फिरत्या खुर्चीचा, म्हणजे हातात वजने घेऊन हात जवळ घेतले की वेग वाढतो त्या मांडणीचा, आठवीच्या अभ्यासक्रमाशी थेट संबंध नाही. तरीही ती वगळू नये. कोनीय संवेग हा शब्द मुलांना अकरावीत भेटेल, तेव्हा पोटात आलेला तो गोळा त्यांना आठवेल.

एक सूचना फलकांविषयी. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपाशी वेगवान हवेचा दाब कमी असतो, एवढेच लिहिलेले पुष्कळदा आढळते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. चेंडू एका बाजूला सरकला की झोत त्याच्या अंगाला धरून बाहेरच्या दिशेने वळतो आणि झोताला बाहेर वळवणारा चेंडू त्याच्या प्रतिक्रियेने आत ढकलला जातो. मुलांना झोताच्या कडेला हात धरून हवा कोणीकडे वळते आहे हे तपासायला सांगितले, तर त्यांना ते स्वतःच कळते.

उत्तर २ : निवृत्त मुख्याध्यापक, देवळाली कॅम्प

ताई, प्रवासाचे आणि परवानगीचे मी सांगतो, कारण या बाबी ऐन वेळेपर्यंत रेंगाळल्या की उत्तम शैक्षणिक नियोजनावरही पाणी पडते.

ठिकाणाविषयी माझे मत वरळीच्या बाजूने आहे. नेहरू विज्ञान केंद्र केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे आहे. आजचे केंद्र १९८५ मध्ये खुले झाले, मात्र तेथील मुलांचे विज्ञान उद्यान त्याहून जुने, १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालक वर्षातील आहे. हे मोकळे उद्यान नव्वद मुलांच्या सहलीला फार उपयोगी पडते, कारण एक गट आत दालनांत असताना दुसऱ्याला बाहेर सोडता येते. तेथे ‘मरुत’ हे भारतातच विकसित केलेले पहिले जेट लढाऊ विमानही उभे आहे. चिंचवडचे सायन्स पार्क याच परिषदेच्या साहाय्याने पिंपरी-चिंचवड महापालिकेने उभारले असून तेही चांगले आहे. परंतु सिन्नर, संगमनेर, नारायणगाव या मार्गाने जाताना चाकणपासून पुढे गाडी केव्हा सुटेल याची शाश्वती देता येत नाही आणि अंतरही दोनशे किलोमीटरच्या घरात जाते. आपण मुक्कामी सहल काढणार असाल, तर मात्र गणित बदलते. मग चिंचवडला एक दिवस आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, आधी रीतसर परवानगी घेऊन, दुसरा दिवस असे करता येईल. एका दिवसात परतायचे असेल तर मुंबईच बरी.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. वरळीतच नेहरू सेंटरचे तारांगणही आहे आणि पालकच काय, शिक्षकही ही दोन्ही ठिकाणे एकच समजतात. तारांगण वेगळ्या संस्थेचे असून ते सोमवारी बंद असते. दोन्ही दाखवायची असतील तर पत्रव्यवहार दोन्हीकडे स्वतंत्रपणे करावा. माझा सल्ला विचाराल, तर एका दिवसात दोन्ही कोंबू नयेत. ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा आठवीचा शेवटचा धडा आहे. त्यासाठी आपल्या महापालिकेचे त्र्यंबक रस्त्यावरील यशवंतराव चव्हाण तारांगण एखाद्या शनिवारी सकाळच्या शाळेनंतर पाहता येईल.

रेल्वेचा मोह टाळावा. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि दादरला सव्वादहा-साडेदहापर्यंत पोहोचवते, हे कागदावर आकर्षक दिसते. परंतु ती नोकरदार पासधारकांची गाडी आहे आणि तिच्यात नव्वद मुले एकत्र बसवणे अवघड जाते. शिवाय दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या लोकलने महालक्ष्मीपर्यंत जायचे म्हणजे गर्दीच्या वेळी तिसऱ्या स्थानकावर सर्व मुले एकाच वेळी उतरवायची. ही जोखीम कोणत्याही शिक्षकाने पत्करू नये.

त्यापेक्षा एसटी घ्यावी. शालेय सहलींसाठी महामंडळाची पन्नास टक्के सवलत आहे. आगाराकडे शाळेच्या पत्रासह आणि विद्यार्थ्यांच्या यादीसह वेळेत अर्ज करावा. साध्या गाडीत चाळीस-पंचेचाळीस आसने असतात, म्हणून दोन गाड्यांत मुले आणि शिक्षक मावणार नाहीत, तीन लागतील. ही अडचण न मानता तिचा उपयोग करावा. प्रत्येक गाडीत तीस मुले आणि तीन-चार शिक्षक बसवावेत आणि दिवसभर तोच गट कायम ठेवावा. म्हणजे हजेरी गाडीनिहाय घेता येते आणि तिन्ही गट वेगवेगळ्या दालनांपासून सुरुवात करू शकतात. मुलींच्या संख्येनुसार शिक्षिका प्रत्येक गाडीत असाव्यातच.

पहाटे साडेपाचला निघालात तर शहराबाहेर पडताना रस्ता मोकळा सापडतो. इगतपुरीपासून आमणेपर्यंत समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्याने कसारा घाटाला पर्याय मिळाला आहे. गाडी कोणत्या मार्गाने जाणार आणि पथकर कोण भरणार, हे आगारातच स्पष्ट करून घ्यावे. भिवंडी आणि ठाण्याच्या पट्ट्यात मात्र वेळ जातोच, तो गृहीत धरून केंद्राकडे साडेदहाऐवजी साडेअकराची वेळ मागावी.

तारखेच्या बाबतीत डिसेंबर-जानेवारीत सर्व महाराष्ट्राच्या सहली एकदम निघतात आणि मांडणीपुढे रांगा लागतात. त्यातही ६ डिसेंबरच्या आसपासचे दिवस टाळावेत, कारण महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागरामुळे दादर-वरळी भागातील वाहतूक बदललेली असते. प्रथम सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुटी आटोपल्यानंतरचा नोव्हेंबरचा शेवट मला सर्वांत योग्य वाटतो.

परवानगीसाठी माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयात प्रस्ताव पाठवताना पालकांची संमतीपत्रे, विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची यादी, प्रवासाचा मार्ग, वाहनाचा तपशील आणि प्रथमोपचाराची व्यवस्था हे सर्व एकाच वेळी जोडावे. एक कागद राहिला की प्रस्ताव परत येतो आणि तारीख हातची जाते. ज्या पालकांना वर्गणी देणे जड जाते, त्यांची नावे मुलांसमोर कधीही येऊ देऊ नयेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाशी मुख्याध्यापकांनी शांतपणे बोलावे, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

उत्तर ३ : एक पालक, अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रदुरुस्तीचे काम

पिंपळगावच्या सरांचे अंदाज लिहून घेण्याचे मत मला पटले, परंतु त्यावरून उद्या कोणीतरी वीस प्रश्नांची कृतिपत्रिका छापील, या भीतीने लिहितो आहे. माझ्या मुलीच्या पूर्वीच्या शाळेने तेच केले होते. मुले मांडणीकडे पाठ करून, गुडघ्यावर वही ठेवून फलक उतरवून घेत होती आणि ज्यांचे लिहून झाले होते त्यांच्याकडून बाकीची उतरवत होती. उपकरणाला कोणाचा हात लागलाच नाही.

हाताळण्याच्या विज्ञान संग्रहालयांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६९ साली एक्स्प्लोरेटोरियम सुरू करणारे फ्रँक ओपनहायमर हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि राजकीय कारणांनी विद्यापीठाची दारे बंद झाल्यावर त्यांनी कोलोराडोतील एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवले होते. तेथे ते मुलांना भंगारात टाकलेली यंत्रे उघडून पाहायला नेत, असे मी वाचले आहे. पुढे त्यांच्या संग्रहालयात ठरलेला मार्ग नव्हता. ज्याने त्याने आपल्याला हवे त्यापाशी हवा तेवढा वेळ थांबावे, ही तेथील रीत होती.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, एकूण वेळेचा निम्मा भाग पूर्णपणे मोकळा ठेवावा. एखादे मूल तासभर एकाच चाकापाशी थांबले तर त्याला पुढे ढकलू नये. आमच्या कारखान्यात शिकाऊ मुले येतात तेव्हा मी पहिल्या दिवशीच पाहतो की, कोण यंत्राभोवती एक फेरी मारून परत येतो आणि कोण एका गिअरपाशी उकिडवा बसून राहतो. पुढे काम शिकतो तो बहुधा दुसरा.

नादुरुस्त मांडणीविषयीही दोन शब्द. जिथे रोज हजारो हात लागतात तिथे काही उपकरणे बंद असणारच. शिक्षक अशा वेळी मुलांना पटकन पुढे नेतात. तसे न करता, हे का बंद पडले असेल, कोणता भाग सर्वांत आधी झिजत असेल, असे विचारावे. दांडा ढिला झालेला असतो, पट्टा सुटलेला असतो, बटणाखालची स्प्रिंग मेलेली असते. मुलांना हे दिसते आणि चालू यंत्रापेक्षा बंद यंत्राविषयी ती जास्त बोलतात.

शेवटी थकव्याविषयी. बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच ‘संग्रहालयातील थकवा’ या विषयावर लेख लिहिला आणि फलक वाचण्यासाठी प्रेक्षकाला किती वाकावे, ताणावे लागते, याची छायाचित्रे त्यासोबत छापली होती. आपली मुले तर पहाटे चारला उठून आलेली असणार. पोहोचल्याबरोबर आत न शिरता आधी डबे उघडावेत. दशमी-चटणी पोटात गेली की पुढचे दोन तास सुखाचे जातात. आणि जेवणाची सुटी दुपारी दोनपर्यंत लांबवू नये.

मूळ प्रश्नकर्त्या : विज्ञान शिक्षिका, सिडको

सर्वांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांशी बोलून वरळी, एसटीच्या तीन गाड्या आणि नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा असे तत्त्वतः ठरवले आहे. छापील कृतिपत्रिका काढणार नाही. प्रत्येक मुलाच्या वहीत सही केलेले पाच अंदाज असतील आणि त्याखाली ‘मला पडलेला प्रश्न’ यासाठी एक कोरे पान असेल. ते कोरेच परत आले तरी विचारणा होणार नाही. सकाळचा वेळ गटाने, दुपारचा मोकळा, असा विचार आहे.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही. शिवाय, परत आल्यावर पुढच्या आठवड्यात काय करावे, याविषयीही कोणी लिहिले तर बरे होईल. सहलीचा निबंध लिहून घेण्याचा मला स्वतःलाच कंटाळा आहे.

उत्तर ४ : निवृत्त प्रयोगशाळा सहायक, गंगापूर रोड

बाई, आपल्या त्या विद्यार्थिनीविषयी वाचून लिहावेसे वाटले.

हाताळण्याच्या विज्ञान केंद्राचा मोठा लाभ असा की, तेथील निम्म्याहून अधिक गोष्टी डोळ्यांवाचूनही कळतात; फक्त त्या कोणत्या, हे आधी हेरून ठेवावे लागते. फिरती खुर्ची, कप्प्यांनी स्वतःला ओढणे, फिरते चाक हातात धरून ते तिरके करताना जाणवणारा विरोध, चुंबकांचे आकर्षण-प्रतिकर्षण, हवेच्या झोतातील चेंडू हे सगळे अंगाने कळते. फिरत्या चाकाचा विरोध तर डोळे मिटल्यावर अधिक नीट जाणवतो. दुहेरी शंकू तिला हाताने चाचपू द्यावा; रूळ फाकत जातात हे बोटांना डोळ्यांपेक्षा लवकर कळते, कारण चढाचा भास डोळ्यांना होतो, बोटांना होत नाही. ही जोडीची कामे देताना तिला मदतनीस न देता जोडीदार द्यावा आणि त्या मांडणीपुरते जोडीदारानेही डोळे मिटून पाहावे. मोठी छपाई तिला वाचता येत असेल, तर तिच्या वहीतील अंदाज जाड स्केचपेनने लिहून द्यावेत. केंद्राला पाठवायच्या पत्रात तिचा उल्लेख करून, एखादा मार्गदर्शक अर्धा तास तिच्या गटासोबत राहू शकेल का, अशी विचारणा आधीच करावी. ऐन वेळी गर्दीत सांगितले तर त्यांचाही नाइलाज होतो.

ध्वनीच्या दालनात ती सर्वांच्या पुढे असेल, असा माझा अंदाज आहे. दोन मोठ्या वाडग्यासारख्या तबकड्या एकमेकींसमोर दूरवर उभ्या केलेल्या असतात. एकीच्या नाभीपाशी, म्हणजे तबकडीवर आदळलेला आवाज जेथे एकवटतो त्या जागी, कुजबुजले की दुसरीच्या नाभीपाशी कान नेणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते आणि मधे उभ्या असलेल्यांना काहीच कळत नाही. नाभी नेमकी कोठे आहे हे शोधण्याचे काम तिच्याकडे सोपवावे. कान पुढे-मागे करत आवाज सर्वांत मोठा कोठे होतो, हे ती डोळस मुलांपेक्षा लवकर सांगेल.

परत आल्यानंतरच्या आठवड्यासाठी माझे म्हणणे असे की, निबंधाऐवजी प्रत्येक गटाने पाहिलेल्यांपैकी एक मांडणी शाळेत उभी करावी आणि सातवीच्या मुलांना ती हाताळायला द्यावी. दुहेरी शंकूसाठी प्लास्टिकची दोन नसराळी तोंडाला तोंड लावून चिकटवली आणि दोन काठ्या तिरक्या ठेवल्या की झाले. रंगीत सावल्यांसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे पांढऱ्या भिंतीवर एकाच ठिकाणी रोखावेत. हात मधे आला की लाल दिव्याच्या सावलीत हिरवा आणि निळा प्रकाश उरतो, हिरव्याच्या सावलीत लाल आणि निळा, निळ्याच्या सावलीत लाल आणि हिरवा. त्यामुळे तिन्ही सावल्या वेगवेगळ्या रंगांच्या पडतात आणि शेवटची पिवळी असते, यावर मुलांचा काही केल्या विश्वास बसत नाही.

दृष्टिसातत्याची मांडणीही सोपी आहे. पुठ्ठ्याच्या चकतीच्या एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट काढून दोऱ्याने ती गरगर फिरवली की पोपट पिंजऱ्यात दिसतो. येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध अवश्य सांगावा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. पहिला कथापट काढण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी कुंडीतील वाटाण्याचे रोप वाढताना ठरावीक अंतराने टिपले आणि कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात दाखवली. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे त्यांचे स्मारक मुलांना परिचित असते, पण हा प्रयोग बहुतेकांना ठाऊक नसतो. शाळेतील एखाद्या शिक्षकाचा जुना मोबाइल खिडकीत पक्का बांधून, रोज ठरलेल्या वेळी मटकीच्या मोडांचे छायाचित्र घेतले, तर आठवड्यात मुलांचा स्वतःचा तसा चित्रपट तयार होतो.

कुजबुजीच्या तबकड्यांसाठी भंगारवाल्याकडे दूरचित्रवाणीच्या जुन्या छत्र्या मिळतात. दोन सारख्या आकाराच्या घ्याव्यात. त्यांच्या दांड्याच्या टोकाला जो लहान डबा असतो, ती जागा म्हणजेच नाभी. तो डबा काढून टाकावा, दांडा ठेवावा. या छत्र्यांची नाभी बरोबर मध्यभागी नसते, थोडी खालच्या बाजूला असते, म्हणून त्या समोरासमोर लावताना थोड्या पुढे झुकवाव्या लागतील. जाड आवाज या लहान छत्र्यांत नीट सापडत नाही, कुजबुज आणि घड्याळाची टिकटिक चांगली सापडते. शाळेच्या लांब व्हरांड्यात, मधल्या सुटीचा गोंगाट सुरू होण्याआधी त्या लावून पाहाव्यात आणि दांड्याच्या टोकाशी कान नेमका कोठे ठेवायचा, ते आपल्या त्या विद्यार्थिनीकडून ठरवून घेऊन तेथे खडूने खूण करावी.